हिरडा विकतो, रंग विकत आणतो

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला आहुपे आहे. गावाच्या पुढे सह्याद्री एकदम तुटतो. कड्यावर उभे राहिले की खाली मुरबाडकडचे कोकण आणि समोर गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके दिसतात. वस्ती बहुतेक महादेव कोळी समाजाची. खाचरातला भात घरी खायला आणि रानातला हिरडा रोख पैशाला, असा इथला वर्षाचा हिशेब. उन्हाळ्यात कोवळा बाळहिरडा गोळा करून, वाळवून पोत्यात भरला जातो आणि व्यापाऱ्यामार्फत औषधवाल्यांकडे जातो. पक्व हिरडा कातडे कमवायला आणि कापड रंगवायला लागतो. ज्या घरातून हे पोते बाहेर पडते, त्याच घरातले मूल शाळेत चित्रकलेच्या तासाला दुकानातून आणलेली रंगाच्या वड्यांची पेटी उघडते आणि पाटीएवढ्या कागदावर दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि कौलारू घर काढते. घरच्या हिरड्यातून पक्का काळा रंग निघतो, हे त्याच्या कोणत्याही पुस्तकात नाही. कला-शिक्षणाविषयी आपल्याकडे होणारी चर्चा बहुधा तासिका किती, शिक्षक किती, गुण किती यांभोवतीच फिरते. हे प्रश्न खरे आहेत आणि पुढे त्यांच्याकडे यायचेच आहे. पण त्यांच्या आधीचा प्रश्न असा की, मुलाच्या हातात आपण देतो काय? गेल्या दीडशे वर्षांत आपल्या कला-शिक्षणाने हळूहळू हाताची आणि साहित्याची फारकत केली, कागदावर उतरणाऱ्या आकारालाच कला ठरवले आणि बाकी सगळ्याला ‘कार्यानुभव’ म्हणून बाजूला बसवले. आहुप्यासारख्या गावांत तरी हा क्रम उलटा करायला हवा. आधी साहित्य, मग चित्र.

हिरड्याचेच उदाहरण नीट पाहू. पक्व हिरड्याची साल कुटून रात्रभर पाण्यात भिजवली, सकाळी ते पाणी गाळून त्यात स्वच्छ धुतलेले सुती कापड बुडवले आणि वाळवले, की कापडावर फिकट पिवळट छटा येते. दिसायला त्यात विशेष काही नाही. दुसरीकडे एका मडक्यात गंजके खिळे, गूळ आणि पाणी घालून दोन-तीन आठवडे झाकून ठेवले, की आंबूस वासाचे गढूळ पाणी तयार होते. त्यात बोरू बुडवून त्या पिवळट कापडावर रेघ ओढावी. ओढताना ती फिकट असते आणि बघता बघता काळी पडते. हिरड्यातले टॅनिन आणि आंबवणीत उतरलेले लोह यांचा हा संयोग; ती रेघ नंतर धुतली तरी जात नाही. आंध्र प्रदेशातल्या श्रीकाळहस्तीची कलमकारी याच काळ्या रेघेवर उभी आहे. तिथे हिरड्याच्या पाण्यात म्हशीचे दूध घालतात, कारण दुधातल्या स्निग्धांशामुळे रेघ कापडावर फुटत नाही. लोहाऐवजी तुरटी दिली तर पिवळा उजळतो आणि तुरटी दिलेल्या कापडावर मंजिष्ठेचा लाल चढतो. कोल्हापुरी चपलेचे कातडेसुद्धा परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांतच कमावले जाते. म्हणजे आहुपे खोऱ्यातून पोत्याने बाहेर जाणारी ही वस्तू भारतीय रंगकामाच्या मुळाशी असलेले रसायन आहे. आणि शिकवण्याच्या दृष्टीने तिची गंमत वेगळीच. पेन्सिलीने काढणाऱ्या मुलाच्या डाव्या हातात कायम खोडरबर असते. हात पुढे जायच्या आधीच मागे वळायला तयार. न पुसली जाणारी, आणि ओढताना पूर्ण न दिसणारी रेघ हाताला विचार करून पुढे जायला लावते. प्रमाण, संयम, हवामानाचा अंदाज, पाण्याची पारख हे सगळे त्या एका रेघेत येते आणि विज्ञानाच्या शिक्षकाला आम्ल-लोहाचा धडा शिकवायला आयता प्रयोगही मिळतो. याला कला म्हणायचे की रसायनशास्त्र, हा वाद मोठ्या माणसांचा.

साहित्यापासून सुरुवात करणे ही काही नवी कल्पना नाही. या भागातली सर्वांत जुनी कलाशाळा तशीच चालली होती. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत, म्हणजे लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी या गटांत मिळून, दोनशेच्या आसपास कोरीव लेणी आहेत. सातवाहनांच्या आणि क्षत्रपांच्या काळातली. लेण्याद्रीच्या चैत्यगृहात मान वर करून पाहिले तर गजपृष्ठाकार छताला कमानदार फासळ्या दिसतात, त्या दगडातच कोरलेल्या. त्यांच्यावर कशाचाही भार नाही. डोंगर पोखरून केलेल्या दालनाला फासळ्यांची गरजच नसते. त्या लाकडी बांधकामातून आलेल्या आहेत. भाजे-कार्ल्याला तर दगडी छताला खऱ्या लाकडी फासळ्या बसवल्या होत्या. सुताराची जाण दगडावर काम करणाऱ्याच्या हातात कशी उतरली, याचा हा डोळ्यांसमोरचा पुरावा. तुळजा लेण्यात याच कारागिरांनी बारा अष्टकोनी खांबांवर गोल चैत्य उभा केला. अशी रचना देशात फार थोड्या ठिकाणी सापडते. आणि हे काम शिकवले कसे जात असेल याचे उत्तर पूर्ण झालेल्या लेण्यांपेक्षा अर्धवट सोडलेल्या लेण्यांत जास्त मिळते. मानमोडीच्या डोंगरात अशी अर्धवट कामे आहेत. डोंगरातले कोरीव काम वरून खाली येते: आधी छत, मग खांबांचे माथे, शेवटी जमीन, त्यामुळे परांचीची गरज पडत नाही, पायाखालचा न फोडलेला दगडच परांची होतो. एका ठिकाणी छिन्नीचे रांगडे घाव, शेजारी सपाट केलेला पृष्ठभाग, त्यापुढे घासून गुळगुळीत केलेला. नवख्याने कोणता थर करायचा आणि जाणत्याने कोणता, याची वाटणी त्या भिंतीवरून आजही वाचता येते. इथल्या शिलालेखांत बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींकडे विहारासाठी ठेव ठेवल्याचे उल्लेख आहेत. कारागिरांच्या संघटनेकडे लोक विश्वासाने पैसा ठेवत होते, यावरून त्या हातांची समाजातली पत कळते. पुढे याच जुन्नरचा हातकागद दख्खनभर नावाजला गेला, पेशव्यांच्या दप्तरापर्यंत पोहोचला. म्हणजे चित्र ज्यावर काढायचे ती वस्तूसुद्धा या भागात हातानेच होत होती.

या जुन्या पद्धतीत पहिला मोठा बदल पुण्यातच झाला. १७९० च्या दशकात पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट आणि स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांच्या पुढाकाराने पुण्यात पाश्चात्त्य पद्धतीचे रेखांकन शिकवण्याची सोय झाली. तिथे तयार झालेल्या गंगाराम तांबट यांनी वेरूळ-कार्ल्याच्या लेण्यांची मोजून काढलेली रेखाचित्रे आज परदेशातल्या संग्रहात आहेत. तांबट घराण्यातला, धातूची सवय असलेला हा हात कागदावर आला, तेव्हा त्याने जे काढले त्यात दगडाचे वजन दिसते. दुर्दैवाने वेल्स १७९५ मध्ये गेले आणि तो प्रयोग फार काळ टिकला नाही. मग आले १८५७. सर जमशेटजी जीजीभाय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत त्यांच्या नावाची ‘जे. जे.’ कलाशाळा सुरू झाली. तिचा साचा लंडनच्या साउथ केन्सिंग्टनचा होता: आधी छापील नमुन्यांची नक्कल, मग प्लास्टरच्या ग्रीक-रोमन पुतळ्यांची, मग भूमिती, मग छायाप्रकाश. आज या पद्धतीची टिंगल करणे सोपे आहे. पण सुरुवातीची काही दशके ही शाळा साहित्यापासून तुटलेली नव्हती, हे विसरता कामा नये. लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये इथे शिकवायला आले ते इमारतींवरच्या शिल्पकामासाठी. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची उठावशिल्पे त्यांची. जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखालच्या विद्यार्थ्यांनी व्हिक्टोरिया टर्मिनसच्या दगडावर पाने, पक्षी, प्राणी कोरले आणि दुसरीकडे अजिंठ्यात वर्षानुवर्षे बसून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. शाळेत मातीकामाची भट्टी होती, आणि १८९१ मध्ये लॉर्ड रे यांच्या नावाने कार्यशाळा निघाल्या. त्यांत धातूकाम, लाकडावरचे कोरीव काम, गालिचे विणणे शिकवले जाई. शिकणारा आणि खरे काम यांच्यात तेव्हा भिंत नव्हती.

फारकत झाली ती कलाशाळेच्या आवाराबाहेर, गावोगावच्या शाळांत. १८९३ मध्ये जे. जे. मध्ये चित्रकला शिक्षक तयार करण्याचा वर्ग सुरू झाला आणि ‘ड्रॉइंग मास्तर’ नावाची संस्था महाराष्ट्रात रुजली. मातीची भट्टी मुंबईतच राहिली. गावाकडे आला तो कागद, पेन्सिल, फूटपट्टी. पुढे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांनी हे चित्र पक्के केले. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे विषय महाराष्ट्रातल्या पिढ्यान्‌पिढ्यांना पाठ आहेत. या परीक्षांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. ज्या गावात एकही चित्रकार जन्मला नव्हता, तिथल्या मुलाला त्यांनी तांब्या आणि बादली निरखून पाहायला शिकवले. शेतकऱ्याच्या पोराला कलामहाविद्यालयाची वाट दाखवली. भारतात इतर राज्यांत एवढ्या खोलवर गेलेली चित्रकलेची परीक्षा क्वचितच असेल. पण परीक्षा कागदावरच का थांबली, याचे कारण कलेत शोधण्यात अर्थ नाही, ते व्यवस्थेत आहे. हजारो केंद्रांवरची उत्तरे एका जागी आणून, एका मापाने तपासायची तर ती गठ्ठ्यात बांधता आली पाहिजेत. कागद गठ्ठ्यात बांधता येतो, कणगी बांधता येत नाही. जे गठ्ठ्यात मावले त्याचा अभ्यासक्रम झाला, आणि जे मावले नाही ते हळूहळू कलेच्या व्याख्येतूनच बाहेर पडले. वस्तुचित्रात टोपली कशी दिसते हे मूल शिकते. टोपलीची वीण कुठून सुरू होते, तळाच्या कामट्या आडव्या-उभ्या बसवून मग वर कशा वळवतात, हे शिकत नाही. त्यामुळे तिची वीण काढताना ते अंदाजाने जाळीसारख्या रेघा मारते. ज्याने एकदा सूप विणले आहे त्याचे वस्तुचित्र वेगळे निघते. हा अनुभव कोणत्याही कलाशिक्षकाला विचारून पाहावा.

आहुपे आणि त्याच्या आसपासच्या गावांत या व्यवस्थेची दुसरी बाजू दिसते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक सांगितले आहेत, पण कधी, तर त्या वर्गांची पटसंख्या शंभराच्या वर असेल तेव्हा. डोंगरातली वाडी पाहिलेल्या कोणालाही ही अट वाचून हसू येईल. खोऱ्यातल्या चार वाड्यांची मुले मोजली तरी सहावी ते आठवीत शंभर भरणे कठीण. म्हणजे कायद्याने कलाशिक्षक दिला, आणि त्याच कायद्याच्या आकड्याने तो डोंगरापर्यंत पोहोचू दिला नाही. निवासी आश्रमशाळांत मुलांची संख्या मोठी असते, तिथे ही सबब चालत नाही. पण तिथेही चित्रकलेचा तास हा वेळापत्रकातला सर्वांत मऊ तास. गणिताचा भाग मागे पडला की तो आधी जातो. यात शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या विषयाचे साहित्य नाही, शिक्षक नाही आणि दहावीआधी ज्याचा हिशेब कोणी मागत नाही, तो तास दुसऱ्याने घेतला नाही तरच नवल. बालभारतीने प्राथमिक वर्गांसाठी ‘खेळू, करू, शिकू’सारखे पुस्तक काढले, त्यात हाताने करायच्या गोष्टी आहेत, दिशा चांगली आहे. पण पुस्तक पुण्यात बसून साऱ्या महाराष्ट्रासाठी लिहिले जाते. त्याला कारवी आणि हिरडा माहीत असण्याची अपेक्षा करणे चुकीचे. ते काम स्थानिक शिक्षणाचे आहे, आणि स्थानिक शिक्षणाला आपण ना अधिकार दिले, ना पैसा.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत जड आक्षेप जातीचा. कारागिराकडून कारागिरी शिकण्याची पद्धत म्हणजे बुरुडाच्या मुलाने बुरूडच व्हायचे, कासाराच्या मुलाने कासार. त्या साखळीतून सुटका करून देणारी म्हणूनच तर कलाशाळा आली, आणि तुम्ही मुलांना परत टोपल्या विणायला बसवणार का? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. आदिवासी मुलाला ‘तुमची कला’ म्हणून बांबू हातात द्यायचा आणि शहरातल्या मुलाला संगणक, ही विभागणी तर सरळ अन्यायाची होईल. १९३७ नंतर गांधीजींच्या, हस्तोद्योगातून शिकवणाऱ्या नई तालीमवर हाच संशय घेतला गेला होता, आणि तो सर्वस्वी खोटा नव्हता. पण नीट पाहिले तर या आक्षेपात दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत: कौशल्य आणि ते जन्माने वाटून देण्याची सक्ती. सक्ती वाईट होती म्हणून कौशल्यही टाकून दिले, तर ज्यांच्याकडे ते होते त्यांच्याजवळ काहीच उरत नाही आणि ज्यांच्याकडे नव्हते त्यांना ते मिळतही नाही. शिवाय कलाशाळेने जातीची साखळी तोडली, हा इतिहासही अर्धाच खरा आहे. जे. जे. ची कल्पना मांडताना कारागिरांची मुले डोळ्यांसमोर होती. प्रत्यक्षात वर्ग भरले ते बहुतांशी शहरी, शिकलेल्या घरांतल्या मुलांनी. कारागिराचा हात शाळेत आला नाही, आला तो त्याचा आकार, नमुना म्हणून. शाळेत बांबूचे काम सगळ्या मुलांना शिकवायचे, मुलींना आणि मुलांना सारखे, मंचरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेतही आणि आहुप्यातही. तेव्हाच ते जातीचे काम राहत नाही. ते फक्त आदिवासी शाळांत ठेवले, तर हा आक्षेप योग्य ठरेल आणि मीही त्याच बाजूला उभा राहीन.

दुसरा आक्षेप प्रदर्शनी आदिवासीपणाचा. सध्या आदिवासी कला म्हटले की सरकारी डोळ्यांपुढे एकच चित्र येते: गेरूच्या पार्श्वभूमीवर पांढरी त्रिकोणी माणसे, गोल धरून नाचणारी. आश्रमशाळेची भिंत असो की एसटी स्थानकाची, ॲक्रिलिकच्या डब्यांतून ती सगळीकडे उतरतात. वारली चित्रांचा इतिहास विलक्षण आहे आणि बोधप्रदही. लग्नाच्या वेळी सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहीत. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडे गेले, कागद आला, आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी त्या भाषेत रोजचे जग मांडून दाखवले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माध्यम बदलले तेव्हा विषय बदलले, बाजार आला, आणि स्त्रियांच्या विधीतली कला बऱ्याच अंशी पुरुषांच्या नावावर गेली. कागद हे निरुपद्रवी साहित्य नाही, हे यातून दिसते. पण वारली ही वारल्यांची. आहुप्याच्या महादेव कोळ्याच्या मुलाला ती ‘तुझी कला’ म्हणून शिकवणे हे त्याच्या नावाने दुसऱ्याचा सदरा शिवण्यासारखे आहे. माझा प्रस्ताव या प्रदर्शनाच्या बाजूचा नाही, उलट त्याच्या विरोधातला आहे. शैली शिकवली की ती शिक्का होते. साहित्य शिकवले तर शैली मुलाची स्वतःची येण्याची निदान शक्यता उरते. हिरड्याच्या रेघेने मुलाने वाघोबा काढावा, क्रिकेटपटू काढावा, गावाच्या वर फिरणारा ड्रोन काढावा. शिक्षकाने त्यात पडू नये.

असाच एक शेरा ऐकू येतो की, हे सगळे गेलेल्या जगाचे गोडवे आहेत. कारवीच्या कुडाची, शेणमातीने लिंपलेली भिंत आता कोणाला हवी आहे? २०१४ च्या जुलैत याच आंबेगावात माळीण दरडीखाली गेले, दीडशेवर माणसे दगावली, आणि पुनर्वसनात पक्की घरे उभी राहिली. तिथे जाऊन कोणी कुडाच्या सौंदर्यावर व्याख्यान देऊ नये. मान्य. कुडाच्या घरात परत जा असे कोणी म्हणत नाही. पण कारवीच्या काठ्या किती अंतराने उभ्या करायच्या, माती-शेणाचा लेप कसा धरतो, तडा का जातो, हे ज्ञान शाळेत येण्यासाठी त्या घरात राहावे लागत नाही. प्लास्टरचा ग्रीक पुतळा काढणारे मुंबईचे विद्यार्थी ग्रीक देवळात राहत नव्हते, तरी त्यांना तो शंभर वर्षे काढावा लागला. दूरचे जग निमूटपणे अभ्यासात घ्यायचे आणि जवळचे आले की त्याला स्मरणरंजन म्हणायचे, ही सवय आता सुटायला हवी.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा, आणि पालक तोच करतील. इंटरमिजिएटची श्रेणी मिळाली तर दहावीला वाढीव गुण मिळतात. हिरड्याच्या रंगाने काय मिळणार? शिवाय आता मोबाइलवर चार शब्द लिहिले की यंत्र चित्र काढून देते, मग हाताचे काम कशाला? गुणांची गोष्ट खरी आहे, म्हणूनच ग्रेड परीक्षा बंद करा असे इथे म्हटलेले नाही. तिच्यात एक प्रश्नपत्रिका साहित्याची आणावी, आणि ती शाळेतच, बाहेरच्या परीक्षकासमोर घ्यावी; विज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा आपण वर्षानुवर्षे अशीच घेतो. त्यात गडबडी होतात, हेही सर्वांना ठाऊक आहे, तरी प्रात्यक्षिक रद्द करावे असे कोणी म्हणत नाही. यंत्राचा मुद्दा तर माझ्याच बाजूने जातो. कागदावरचा सफाईदार आकार ही एकच गोष्ट कला-शिक्षणाने दीडशे वर्षे मोलाची ठरवली, आणि नेमकी तीच यंत्राने स्वस्त केली. मडक्यातले लोहपाणी तयार झाले की नाही हे वासावरून ओळखणे, ओली कामटी कधी वाकेल आणि कधी मोडेल हे बोटाला कळणे, हे अजून पडद्यात आलेले नाही. रोजगाराचे वचन मात्र मी देणार नाही. नैसर्गिक रंगाच्या कापडाला शहरात गिऱ्हाईक आहे, पण त्या भरवशावर शाळेतल्या मुलाचे भविष्य बांधणे बेजबाबदारपणाचे होईल. भूगोलाच्या तासाला आपण नोकरीचे वचन देतो का?

आणखी एक अडचण आहे, तिला आक्षेप म्हणण्यापेक्षा धास्ती म्हणावे. हा भाग भीमाशंकर अभयारण्याच्या परिसरातला. रानातून काहीही आणायचे म्हटले की वनखात्याचा शिपाई आठवतो. पण वनहक्क कायदा २००६ ने गौण वनोपजावरचा वननिवासींचा हक्क मान्य केला आहे आणि त्यात बांबू स्पष्टपणे धरला आहे. हिरडा तर लोक गोळा करतातच. शाळेला लागेल ती चार किलो साल आणि थोड्या कामट्या. एवढ्याने अभयारण्याला धक्का लागत नाही. देवराईतले मात्र पानही शाळेच्या नावाने तोडू नये. गाव ते तोडू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने दोन दारे उघडी ठेवली आहेत. स्थानिक कलाकार-कारागिरांना शाळांत ‘मास्टर इन्स्ट्रक्टर’ म्हणून बोलवावे असे त्यात म्हटले आहे, आणि सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, सुतार, कुंभार, माळी, कलाकार यांच्याकडे शिकण्यासाठी ठेवावेत असेही. धोरणातली वाक्ये सरकारी वाक्यांप्रमाणे गोड आहेत. त्यांना पैसा आणि माणूस जोडला तरच त्यांचा उपयोग. म्हणून मागणी साधी आणि मोजकी ठेवावी. कला निदेशकासाठीची शंभर पटसंख्येची अट डोंगरी आणि आदिवासी भागात शाळेऐवजी केंद्रावर मोजावी, म्हणजे एका खोऱ्यातल्या सगळ्या शाळांना मिळून एक फिरता कलाशिक्षक मिळेल. त्याच्यासोबत गावातली जाणती माणसे, सूप-टोपली विणणारी आजी असो की मंचरकडचा बुरूड, तासावर मानधन घेऊन शिकवायला यावीत, त्यांच्याकडे कलाशिक्षकाची पदविका (ए.टी.डी.) मागू नये. मानधन महिन्याच्या महिन्याला मिळावे, नाहीतर दुसऱ्या वर्षी कोणी येणार नाही. वर्षातून एकदा मुलांना लेण्याद्रीला न्यावे ते गणपतीच्या दर्शनाबरोबरच चैत्यगृहाच्या फासळ्या दाखवायला, आणि जमल्यास मानमोडीच्या अर्धवट लेण्यांत. तिथे न्यायला तज्ज्ञ मार्गदर्शक लागत नाही, छिन्नीचे घाव स्वतःच बोलतात.

या कशालाही नवा कायदा लागत नाही. पटसंख्येच्या अटीने राज्याला केंद्रनिहाय शिक्षक नेमण्यापासून अडवलेले नाही. ती अट किमान काय द्यावे एवढेच सांगते. घोडेगावचे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आणि पुणे जिल्हा परिषद यांनी मिळून आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या पाच शाळांत पुढच्या जूनपासून एक वर्ष हे करून पाहावे. वर्षाच्या शेवटी त्या मुलांची कामे आणि ग्रेड परीक्षेचे निकाल दोन्ही लोकांपुढे ठेवावेत. प्रयोग फसला तर तसे उघड सांगावे आणि बंद करावा. पण करून न पाहताच ‘डोंगरात कलाशिक्षक परवडत नाही’ हे उत्तर आता पालकांनी आणि ग्रामसभांनी मान्य करू नये. येत्या ग्रामसभेत हा ठराव लिहून घ्यावा आणि त्याची प्रत घोडेगावला द्यावी.